दरवाजा बंद व्हायची वेळ

परवा दुपारी गोल्ड लोनवाले एक आजोबा समोर बसलेले, बँकेचे सराफ त्यांच्या बायकोचा हार दगडावर घासून बघतायत, आणि माझा मोबाइल थरथरला. ओटीपी. पाठोपाठ डोंबिवलीहून नवऱ्याचा फोन, "अगं आला का? सांग पटकन, नाहीतर परत पाठवायला लागेल." शाळेच्या ॲपवर सहलीचे पैसे भरायचे होते. मी सहा आकडे सांगितले, फोन ठेवला. आजोबा म्हणाले, "घरनं वाटतं." म्हटलं हो, घरनंच. दीडेकशे किलोमीटरवरून मी घर चालवते, सहा सहा आकड्यांचं.

नंबर बदलायचा राहूनच गेलाय. शाळा, डॉक्टर, गॅस, सोसायटी, डान्स क्लास, सगळीकडे माझा नंबर आहे. घर सोडून महाडला आले, कपडे आणले, कुकर आणला, पण घराचा नंबर मीच राहिले.

तर मूळ गोष्ट. मी २०१० साली बँकेत क्लार्क म्हणून लागले. कुठली बँक ते राहू दे, सगळ्या सरकारी बँकांत हे थोड्याफार फरकाने सारखंच. क्लार्क आहात तोवर बहुतेक आपल्याच शहरात निभतं, या ब्रँचमधून त्या ब्रँचमध्ये. ऑफिसर व्हायचं तर परीक्षा, इंटरव्ह्यू, आणि मग बँक सांगेल तिथे जायचं. म्हणून प्रमोशनचं सर्क्युलर आलं की ब्रँचमधलं वातावरण बघण्यासारखं असतं. पुरुष मंडळी चहाच्या टपरीवर जाऊन कोणाला कुठला झोन मिळाला त्याची चर्चा करतात आणि बायका सर्क्युलर वाचतात, प्रिंट काढतात, घडी घालतात आणि ड्रॉवरमध्ये टाकतात. माझ्या ड्रॉवरमध्ये दोन घड्या होत्या. एक २०१७ ची, एक २०२० ची.

२०१४ मध्ये अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांना कळवलं होतं की लग्न झालेल्या बायकांना शक्यतो नवऱ्याच्या गावाजवळ आणि लग्न न झालेल्यांना आईवडिलांजवळ पोस्टिंग द्या. चांगलंच आहे. पण सरकारी भाषेत "शक्यतो" हा फार मोठा शब्द आहे, त्याच्या पोटात अख्खा महाराष्ट्र मावतो.

मनू झाली २०१५ च्या ऑगस्टमध्ये. बँकेत सहा महिन्यांची रजा आधीपासूनच मिळत होती, त्या बाबतीत आम्ही सुखी. माझी मैत्रीण ऐरोलीला आयटीत, तिचं पहिलं बाळंतपण बारा आठवड्यांच्या जमान्यातलं. १९६१ च्या कायद्यात २०१७ साली बदल झाला आणि सव्वीस आठवडे आले, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय आली, दिवसातून चार वेळा बाळाला बघायला जायची मुभा आली. कागदावर वाचताना डोळे भरून येतात अगदी. पण सव्वीस आठवड्यांचा पगार मालकानेच द्यायचा असल्यामुळे दुसऱ्या वेळी तिने नोकरी बदलायचं ठरवलं तेव्हा इंटरव्ह्यूत "सो, फॅमिली प्लॅन्स?" हे हसत हसत विचारलं गेलंच. हसत विचारतात ना, त्यामुळे रागावताही येत नाही.

सहा महिन्यांनी मी जॉइन झाले. दूध काढायला जागा म्हणजे रेकॉर्ड रूम, जुन्या व्हाउचरच्या गठ्ठ्यांमध्ये एक स्टूल, दाराला आतून कडी नाही म्हणून बाहेर आमच्या शिपाई मावशी उभ्या. बाटली टिफिनच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये, आणि एकदा कोणीतरी ती ताकाची समजून बाहेर काढलेली, तो किस्सा मी अजून कोणाला नीट सांगितलेला नाही आणि इथेही सांगणार नाही. एसटी स्टँडवर, सरकारी ऑफिसात "हिरकणी कक्ष" अशी पाटी असते ना, आया बाळाला पाजू शकतील अशी खोली, ती पाटी दिसली की मला आधी धूळ आठवते. व्हाउचरची धूळ.

पण खरी परीक्षा रेकॉर्ड रूममध्ये नव्हती, ती होती संध्याकाळी. आमचं पाळणाघर साडेसातला बंद. कॅश टॅली होऊन मी सहाच्या सुमाराला फोर्टातून निघायचे, सीएसएमटीला धावत, डोंबिवलीला उतरून जिन्यावरच्या गर्दीतून वाट काढत, रिक्षाची लाइन मोठी असली की सरळ चालत. सगळं नीट झालं तर सात पंचवीस. नीट होणं म्हणजे काय हे सेंट्रलवाल्यांना सांगायला नको. कुर्ल्याला पाणी, दिव्याला सिग्नल, ठाण्याला आणखी काही. लेडीज डब्यात अर्ध्या बायका भाजी निवडत असायच्या, मटार सोलत, कोणी फोनवर पाढे म्हणून घेत असायची, "सात सक्कं? परत म्हण", आणि गाडी मुंब्र्याच्या पुढे थांबली की सगळ्यांचे हात थांबायचे. एकदम. कोणी काही बोलायचं नाही, प्रत्येकीच्या डोक्यात आपापलं एक घड्याळ. मग फोन सुरू व्हायचे. "काकू, दहा मिनिटं हं, गाडी थांबलीय."

काकू कधी ओरडल्या नाहीत. तळमजल्यावरचा त्यांचा वन बीएचके, हॉलमध्ये सतरंज्या, बारा-चौदा मुलं. उशीर झाला की मनूला मांडीवर घेऊन पायरीवर बसलेल्या दिसायच्या. एकदा जुलैमध्ये मी साडेनऊला पोहोचले, गुडघाभर पाण्यातून, आणि मनू त्यांच्या घरचाच वरणभात खाऊन झोपलेली. मी रडले, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही सगळ्या उशिरा येता म्हणून तर माझं घर चालतं." मग हसल्या. पण ते वाक्य मला कित्येक वर्षं चावत राहिलं. कारण त्यांच्या स्वतःच्या मुलाची दहावी होती त्या वर्षी आणि त्याला अभ्यासाला जागा हवी म्हणून साडेसातची वेळ होती.

आणि आमच्या पोळ्यांच्या ताई. सकाळी सहाला यायच्या, एका तासात पोळ्या-भाजी, पुढे अजून चार घरं. त्यांच्या दुसऱ्या खेपेला आठव्या महिन्यापर्यंत येत होत्या आणि बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर परत हजर. मी म्हटलं अहो इतक्यात कशाला, तर म्हणाल्या घर सुटलं तर परत मिळत नाही. घर म्हणजे काम. माझे सहा महिने, मैत्रिणीचे सव्वीस आठवडे, त्यांना काय? तेव्हा सरकारची मातृवंदना योजना फक्त पहिल्या बाळाला होती, पाच हजार रुपये, तेही हप्त्यांत, हे तर दुसरं. मी दोन महिने पगार चालू ठेवला होता आणि त्याबद्दल स्वतःला बरीच थोर समजत होते. आता हिशोब करते तेव्हा वाटतं, मी ज्याला माझं करिअर म्हणते ते तीन बायकांच्या खांद्यावर उभं होतं आणि त्या तिघींचा मिळून पगार माझ्या निम्म्याहून कमी होता. तिसऱ्या कोण? सासूबाई. त्यांना तर मी काहीच देत नव्हते.

या सगळ्यात २०१७ चं सर्क्युलर आलं. मनू दोन वर्षांचीसुद्धा नव्हती. जेवताना विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, "तुला योग्य वाटेल ते कर हो." नवरा म्हणाला, "तू ठरव. माझी काही हरकत नाही."

तू ठरव.

आता हे वाचून कोणी म्हणेल, मग काय वाईट आहे यात, किती चांगली माणसं, नाही म्हणाली नाहीत. खरंच चांगली आहेत. माझ्या आईला १९८५ मध्ये शाळेतली नोकरी सोडायला सांगितलं होतं, सरळ सांगितलं होतं, आणि ती आयुष्यभर त्यांच्यावर चिडू तरी शकली. मला कोणी काही सांगितलंच नाही. तू ठरव म्हटल्यावर मी कागद घेऊन बसले. पाळणाघर साडेसातला बंद, हा सव्वाआठला घरी येतो, सासूबाईंचे गुडघे, मनूला दर पंधरा दिवसांनी खोकला. सगळी गणितं माझीच, उत्तरही माझंच, आणि उत्तर "नाही" आलं तर ते माझंच "नाही". पुढे कधी हळहळले तर घरातले म्हणणार, अगं पण तूच ठरवलंस ना. म्हणतातही.

त्याच वर्षी माझ्या शेजारच्या काउंटरवरचा सहकारी ऑफिसर झाला. गोंदियाला पोस्टिंग. त्याचा मुलगा मनूपेक्षा चार महिन्यांनी लहान. पेढे वाटले, सगळ्यांनी अभिनंदन केलं, ब्रँच मॅनेजरांनी "यंग मॅन, गो अहेड" वगैरे केलं. मीही पेढा खाल्ला. घरी येताना गाडीत सहज डोक्यात आलं की आज दिवसभरात एकानेही त्याला विचारलं नाही, मुलाचं काय करणार? त्याने कागद घेऊन बसायची वेळच कधी आली नसणार. तो माझ्यापेक्षा हुशार नाही हं, उलट जेएआयआयबीचे, म्हणजे बँकवाल्यांच्या परीक्षेचे, पेपर मी त्याला समजावलेत, डबा खाता खाता.

ती परीक्षा मी गाडीत केली, जेएआयआयबी पण आणि नंतर तिच्या पुढची सीएआयआयबी पण. लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली तर अर्धी मांडी आत अर्धी बाहेर, मोबाइलवर पीडीएफ. पास झाल्यावर इन्क्रिमेंट मिळाली. तेवढीच. बँकेच्या व्याजाचा हिशोब करणारी बाई मी, मला कळत होतं की एकदा मागे राहिलं की ते साध्या व्याजाने नाही, चक्रवाढीने वाढतं.

२०२० ची घडी तर विचारायलाच नको. पाळणाघर बंद, लोकल बंद, बँक चालू. आम्ही बँकवाले अत्यावश्यक, म्हणून एसटीच्या बसने डोंबिवलीहून मुंबई, जाऊन-येऊन पाच तास. घरी आले की आधी आंघोळ आणि मनू दाराच्या फटीतून बघत असायची, मी हात लावू देईपर्यंत. सीनियर केजी तिची मोबाइलवरच सुरू झाली. त्या वर्षी सर्क्युलर मी वाचलंही नाही, नुसतीच घडी घातली.

२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन या हार्वर्डच्या बाईंना मिळालं, तेव्हा आमच्या स्टाफच्या ग्रुपवर त्याबद्दल एक लेख फिरत होता. अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या आकड्यांवरून त्यांनी दाखवलंय की एकाच प्रकारच्या नोकरीतल्या पुरुष-बाईच्या कमाईतलं अंतर पहिलं मूल झालं की रुंदावतं. आणि त्या काही नोकऱ्यांना हावरट म्हणतात, म्हणजे कधीही बोलवा, कुठेही पाठवा, जो हो म्हणेल त्याला भरपूर देणाऱ्या. घरात दोघांनी तशी नोकरी करणं शक्य नसतं, मग एकाने हावरट धरायची आणि एकाने घराला सोयीची. ती एक कोण हे कोणी ठरवत नाही, पण ठरलेलं असतं. मला तो "हावरट" शब्द फार आवडला. मी खाली अंगठा टाकला. ब्रँचमधल्या सगळ्या बायकांनी अंगठा टाकला. पुरुषांपैकी एकाने "नाइस इन्फो" लिहिलं.

२०२४ ला फॉर्म भरला. का भरला याचं काही मोठं कारण नाही, उगाच नाट्य करत नाही. मी शिकवलेली एक मुलगी आमच्या ब्रँचला ऑफिसर म्हणून आली आणि माझ्या व्हाउचरवर मंजुरीची सही करताना तिला इतकं अवघडल्यासारखं झालं की ती म्हणाली, "मॅडम, सॉरी हं." तिने सॉरी म्हणायला नको होतं. त्या रात्री मी घरी सांगितलं की मी फॉर्म भरतेय. विचारलं नाही, सांगितलं. नवरा म्हणाला, "अच्छा." जरा वेळाने, "मग मनूचं?" सात वर्षांत पहिल्यांदा तो प्रश्न त्याच्या तोंडून आला होता आणि खरं सांगू का, मला इतकं बरं वाटलं. एकदाचा प्रश्न त्याच्याकडे गेला. त्याच्या कागदावर.

पोस्टिंग आलं महाड. गोंदियापेक्षा बरं म्हणायचं. रविवारी नाहीतर सोमवारी पहाटे दिव्याहून कोकण रेल्वे धरायची, वीर स्टेशनला उतरायचं, पुढे रिक्षा. किंवा पनवेलहून एसटी, पण त्या हायवेबद्दल मी बोलणार नाही, २०११ पासून काम चालू आहे, माझ्या मुलीपेक्षा मोठा आहे तो खड्डा. दुसरा-चौथा शनिवार सुट्टी, तेव्हा दोन दिवस घरी. पहिल्या-तिसऱ्याला शनिवारी संध्याकाळी निघून रविवारपुरतं.

पहिले दोन महिने भयंकर गेले. मला खूप आठवण यायची वगैरे आहेच, पण एक वेगळीच गोष्ट सांगते जी बायका बोलत नाहीत. मला झोप लागायची. साडेनऊला जेवून, पुस्तक वाचत, गाढ. नऊ वर्षांत अशी झोपले नव्हते. आणि सकाळी उठल्यावर अपराधी वाटायचं ते मनूला सोडून आल्याचं नव्हतं, झोप लागल्याचं होतं.

तिकडे नवरा हळूहळू शिकला. वेणी घालायला शिकला, आधी उंदराच्या शेपटीसारखी, मग बरी. शाळेच्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये त्याला घेतलं, ग्रुपचं नाव "फोर्थ बी मॉम्स", सगळ्या म्हणाल्या "वेलकम सर". नाव अजून तेच आहे, फक्त फोर्थचं फिफ्थ झालंय. सोसायटीत मात्र तो हिरो झाला. लिफ्टमध्ये शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "किती करतो गं तो मुलीचं, नशीबवान आहेस." नऊ वर्षं मी केलं तेव्हा लिफ्टमध्ये फक्त "आज उशीर झाला वाटतं" इतकंच ऐकलेलं. तो पण लाजला बिचारा. ऑफिसमध्ये मात्र तो साडेसहाला निघतो म्हटल्यावर त्याच्या साहेबांचं तोंड बदलायला लागलंय आणि यंदाचं त्याचं अप्रेझल बरं आलं नाही. हे तो मला पंधरा दिवसांनी बोलला. मी काय म्हणावं? तू ठरव म्हणावं? जिभेवर आलं होतं, गिळलं.

मे महिन्यात मनू पंधरा दिवस महाडला राहिली. मी ब्रँचला गेले की ती घरमालकांच्या सुनेबरोबर, म्हणजे परत एक बाई आलीच. एका रविवारी रायगडला गेलो. महाडपासून पंचविसेक किलोमीटर. रोपवे जिथून सुटतो ती हिरकणीवाडी. चार-पाच मिनिटांत वर. मनूने खाली बघितलं आणि म्हणाली, "बापरे. ती इथून उतरली? रात्री?"

गोष्ट तिला माहिती होती, आपल्या सगळ्यांनाच पाठ आहे. गवळण दूध घालायला गडावर गेली, सूर्य मावळला, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, पहारेकरी सोडेनात, मग कडा उतरून गेली. महाराजांनी साडीचोळी दिली आणि तिथे बुरूज बांधून घेतला, हिरकणीचा बुरूज. मी लहानपणी शाळेच्या गॅदरिंगमध्ये हिरकणी झाले होते, बाहुली घेऊन, टाळ्या पडल्या होत्या. आईचं काळीज म्हणूनच ऐकलेली ती गोष्ट. ती कामावर गेली होती हे कधी कोणी जोरात सांगितलं नाही. आणि काही जण सांगतात त्याप्रमाणे सकाळी दरवाजा उघडला तेव्हा ती खरचटलेल्या अंगाने परत दूध घेऊन दारात हजर होती, त्यामुळेच तर पहारेकऱ्यांना कळलं. म्हणजे सीएलसुद्धा टाकली नाही बाईने.

वर वाऱ्यात उभं राहून मनूचे प्रश्न सुरू झाले. "बाळाजवळ कोण होतं?" म्हटलं काही जण सांगतात सासू होती. "आणि बाबा?" लढाईवर असेल. "बुरूज कशाला बांधला पण?" म्हटलं, तिथून एक बाई उतरू शकते म्हणजे शत्रू चढू शकेल ना, म्हणून ती वाट बंद केली, शिवाय तिचं नाव दिलं, केवढा मान.

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे परत तिला उशीर झाला तर?"

मला उत्तर सुचेना. किल्ला राखायचा होता, राजधानी होती, सूर्यास्ताला दरवाजे बंद करणं रास्तच होतं, हे मी तिला सांगितलं आणि ते खरंही आहे. पण संध्याकाळी परत येताना माझ्या डोक्यात तेच. बुरजाला नाव मिळालं, खोल्यांच्या पाट्यांवर नाव मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी तिला सूर्यास्ताच्या आत दूध घालून खाली धावतच यायचं होतं, आता तर कड्याचीही सोय उरली नव्हती. पायरीवर बसलेल्या काकू आठवल्या. मुंब्र्याच्या पुढे थांबलेली गाडी आठवली.

गेल्या शनिवारी घरी होते. स्केल टूचं, म्हणजे ऑफिसरच्या पुढच्या पायरीचं, सर्क्युलर यायला अवकाश आहे अजून, पण चर्चा सुरू झालीय आणि मी पात्रतेचं वर्ष मोजून ठेवलंय. जेवताना तसं म्हटलं. सासूबाईंनी आमटी वाढता वाढता माझ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "तू ठ..." आणि थांबला. मनूच्या ताटातली पोळी तोडून दिली, ती आता दहा वर्षांची आहे, तिला कशाला तोडून द्यायची, पण दिली. मग म्हणाला, "महाडनंतर कुठे टाकतात गं साधारण? रत्नागिरी पण येते का तुमच्या झोनमध्ये?"

"येते," मी म्हटलं.

"मग मला ऑफिसात आधी बोलायला लागेल."

मनूने विचारलं, रत्नागिरीला रोपवे आहे का. नाही म्हटल्यावर तिचा विरोध आहे म्हणाली. तेवढ्यात मोबाइल थरथरला, माझा, ओटीपी, डान्स क्लासची फी. मी मोबाइल उचलून त्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हटलं, आधी तो नंबर बदल.